पाऊलवाचक

“चढ लागला की हिला तिसरा गिअरही नको असतो आणि चौथाही नको असतो,” आक्कानं गाडीची चावी केदारच्या टेबलावर ठेवली. “मधल्यामध्ये घुटमळत राहते, माहेरून निघालेल्या पोरीसारखी. आणि मग एकदम असा हिसका देते की मागच्या सीटवरचे इस्माईलभाई पेटीसकट पुढं येतात.”

“कधीपासून?”

“संक्रांतीपासून असेल. आधी वाटलं, रस्ताच खराब आहे. मग रस्ता नवा झाला, तरी तेच. रस्त्याला उगाच नावं ठेवली म्हणून मलाच कसंतरी झालं.”

“संक्रांतीपासून, आणि आता चैत्रात आणतेस.”

“मधली कीर्तनं कोण करणार होतं, तू?” आक्का म्हणाली. “नवमीच्या आत दे म्हणजे झालं. वाघजाईवाडीला रामजन्म आहे. तिथं एसटी जात नाही, हे तुला सांगायला नको.”

मृणालिनी रेठरेकर हे नाव कऱ्हाडपासून कोयनेच्या खोऱ्यातल्या वाड्यावस्त्यांपर्यंत माहीत होतं, पण नावानं तिला कुणी हाक मारत नसे. ती सगळ्यांची आक्का. नऊवारी, खांद्यावर शेला, हातात झांज, आणि साठीला टेकली तरी आवाज असा खडा की माइक गेला तरी मंडपातल्या शेवटच्या माणसाला आख्यान ऐकू यावं. लग्न केलं नव्हतं. देवानं एवढी गावं दिलीत, आणखी एक घर कशाला, असं म्हणायची. गावोगाव ती स्वतः गाडी चालवत जायची. मागच्या सीटवर पेटी मांडीशी धरून इस्माईलभाई, मूळचे मिरजेचे. धाकटा भाऊ केदार तबल्याला. तो मात्र विटा रस्त्यावरचं आपलं गिअरबॉक्सचं गॅरेज बंद करून, मागाहून मोटरसायकलवर पोचायचा. त्यामुळे आक्काच्या गाडीतला हिसका त्यानं अजून खाल्ला नव्हता.

बाकीच्या देशातल्या गाड्या एव्हाना बहुतेक विजेवर गेल्या होत्या. उसाच्या पट्ट्यात मात्र कारखान्यांचं इथेनॉल दाराशी मिळायचं, म्हणून इंजिनं राहिली होती. आणि इंजिनं राहिली म्हणून गिअरबॉक्स राहिले, आणि केदारचं पोटही.

आक्का रिक्षानं गेली. केदारनं गाडी लिफ्टवर घेतली.

त्यानं आधी तेल पाहिलं. लालसर, स्वच्छ, जळका वास नाही. तळाच्या चुंबकाला लोखंडाचा बारीक गाळ होता, पण एवढा कुठल्याही गाडीला असतो. स्कॅनर लावला, एकही बिघाड नोंदलेला नाही. दाब मोजला, वॉल्व्ह एकेक करून उघडून मिटून पाहिले. सगळं जागच्या जागी, नव्यासारखं.

मग तो गाडी घेऊन चढाच्या रस्त्याला लागला. आणि गाडीनं हिसका दिला, पण आक्कानं सांगितला तसा नाही. ती घुटमळली नाही. उलट त्याचा पाय पेडलवर नीट टेकतो न टेकतो तोच थबकली, जणू चालवणाऱ्याला वेळ लागणार हे तिला माहीत होतं. तो दाबून मोकळा झाला तेव्हा कुठं ती निघाली, आणि मग घाईनं धक्का देऊन गेली. घरात म्हाताऱ्या माणसाबरोबर चालायची सवय झालेली सून बाजारातही तशीच हळू चालते, तसं काहीसं.

केदारनं गाडी रस्त्याकडेला घेतली. इंजिन बंद केलं. आता पाऊलवाचक उघडायला हवा होता, आणि त्याला तो उघडायचा नव्हता.

ऑटोमॅटिकमध्ये गिअर पडतो असं आपण म्हणतो, पण पडत काहीच नाही. तेलाच्या दाबानं एक क्लच सुटतो आणि दुसरा धरतो. भरलेली कळशी एका हातातून दुसऱ्या हातात द्यावी तसं. पहिल्यानं आधी सोडली तर कळशी खाली. दुसऱ्यानं आधी धरली तर ओढाताण, आणि दोघांच्या अंगावर पाणी. सगळा खेळ त्या एका क्षणाचा. जुने गिअरबॉक्सही हा क्षण थोडाफार शिकायचे, क्लच झिजला की दाब कमीजास्त करायचे. नव्या गाड्या क्लच सोडून माणूस शिकायला लागल्या. पेडलखाली कागदाएवढा पातळ पडदा बसवलेला असतो. पावलाचा दाब तो सतत वाचतो आणि डॅशबोर्डमागच्या छोट्या खोक्याला सांगतो. हाच पाऊलवाचक. वेग वाढवायचा विचार माणसाच्या मनात पक्का व्हायच्या आत त्याच्या पावलात उतरलेला असतो. खोकं तो ओळखतं आणि कळशी अचूक वेळी पुढं करतं. पाऊल अधीर असेल तर लवकर, आळशी असेल तर उशिरा. चुकलं तर सांभाळून घेतं. म्हणून ह्या गाड्या चालवताना प्रत्येकाला वाटतं, आपण फार सुरेख चालवतो.

फक्त सांभाळून घेण्यालाही एक मर्यादा घातलेली असते. सुरक्षेसाठी. तिच्यापलीकडं खोकं सरकत नाही, आणि मग दोन गिअरांच्या मध्ये येरझाऱ्या घालत बसतं.

हे खोकं आल्यापासून केदारच्या गॅरेजमध्ये वेगळीच गिऱ्हाइकं यायला लागली होती. पाऊल खोटं बोलत नाही. कोण दुपारी पिऊन चालवतो, कोणाला स्टिअरिंगवर डुलकी लागते, सगळं त्यात उमटायचं. काही आजारही उमटायचे, डॉक्टरकडं जायच्या कितीतरी आधी. त्यावर नियम आला होता: आजाराची खूण दिसली की कारागिरानं परिवहन खात्याकडं कळवायचं, मग तपासणी होईपर्यंत परवाना थांबतो. म्हणून लोक चहा पिता पिता हळूच म्हणायचे, “केदारभाऊ, जरा विसरवून द्या की हिला.” एक बटण दाबलं की खोकं सगळं विसरायचं. गाडी कोरी. कितीतरी जणांना त्यानं विसरवून दिलं होतं आणि त्याला त्याचं काही वाटलं नव्हतं.

गॅरेजमध्ये परत येऊन त्यानं खोकं उघडलं. स्कॅनरवर आक्काचं पाऊल रेघ होऊन उमटलं.

रेघ स्वस्थ नव्हती. पाय पेडलवर नुसता टेकलेला असताना तिच्यात एक बारीक थरथर होती. संथ, ठरलेल्या लयीची, सेकंदाला चार-पाच वेळा हलणारी. पाय दाबला जाई तेव्हा ती नाहीशी व्हायची आणि विसावला की परत यायची. ही खूण त्यानं दुसऱ्यांच्या गाड्यांत पाहिली होती. मलकापूरच्या एका निवृत्त मास्तरांच्या, उंब्रजच्या एका डेअरीवाल्याच्या. दोघांचंही पुढं कंपवात म्हणून निदान झालं होतं. त्यानं रेघ मागं मागं नेली. गेल्या वर्षीच्या चैत्रात ती जेमतेम दिसत होती. मग श्रावणात दाट. आणि ब्रेकवर पाऊल पोचायला लागणारा वेळ महिन्यामहिन्यानं वाढत चालला होता. खोकं तो पोटात घालत होतं. आता त्याच्या पोटात जागा उरली नव्हती.

गाडीला काही झालंच नव्हतं.

केदारनं स्कॅनर बंद केला. हात धुतले, पुसले, आणि पुन्हा धुतले. समोरच्या टपरीवरून चहा आला, तो त्यानं प्यायला. साखर जास्त होती की कमी, हे त्याला कळलं नाही. आपल्याला आता काहीतरी वाटायला हवं, असं तो स्वतःला सांगत होता. वाटत काही नव्हतं. फार वेळ मांडी घालून बसल्यावर पाय बधिर व्हावा आणि आपलाच पाय दुसऱ्याचा वाटावा, तसं.

पण डोकं चालू होतं, आणि ते एकाच जागी अडलं होतं. वर्षभर तो आक्काच्या शेजारी दोन हातांवर बसून तबला वाजवत होता. तिच्या लयीचा केसाएवढा फरक त्याला कळायला हवा होता. त्याला काहीच दिसलं नव्हतं. का?

संध्याकाळी आक्काच्या घरी रामजन्माच्या आख्यानाची तालीम होती. इस्माईलभाई आधीच येऊन भाता हलवत बसले होते. आक्कानं कमरेला शेला बांधला आणि झांज उचलली.

“झाली गाडी?”

“बघतोय,” केदार म्हणाला आणि तबल्यावर हातोडी ठोकत बसला.

कीर्तनात साथीदाराचं पहिलं काम कोणतं, तर कीर्तनकाराला पडू न देणं. बुवा बोलता बोलता रंगतात, एखादी ओळ लांबते, श्वास चुकतो, सम पुढं जाते. साथीदारानं ती सम उचलायची आणि जिथं बुवा आहेत तिथं नेऊन ठेवायची. श्रोत्यांना वाटलं पाहिजे की बुवांनी मुद्दामच तसं घेतलं. हे कुणी शिकवत नाही. ज्याच्याशेजारी आयुष्य काढलं त्याच्याबरोबर हात आपोआप जातो. केदारचा हात असाच जात होता. गाडीतलं खोकं वर्षभर जे करत होतं, तेच.

म्हणून त्या संध्याकाळी त्यानं वेगळं केलं. गिअरबॉक्सचं शिकणं बंद करून तपासतात, तसं त्यानं आपल्या हाताचं शिकणं बंद केलं. आक्का कुठंही जावो, ठेका सरळ ठेवायचा.

आक्कानं नामघोष धरला. पहिलं आवर्तन ठीक गेलं. दुसऱ्यात ती मागं राहिली. तिसऱ्यात ती थांबली, त्याच्याकडं पाहिलं, पुन्हा उचललं, आणि पुन्हा मागं राहिली. चालता चालता वळायची तिची सवय होती. वळताना तिचं पाऊल जमिनीला चिकटल्यासारखं झालं आणि मग दोन-तीन छोटी पावलं भरभर पडली. हेही त्यानं आज पहिल्यांदा पाहिलं. रोज पडत असणार.

इस्माईलभाईंनी पेटी थांबवली. “अरं केदार, आज घड्याळ गिळून आलास काय? बाई तिकडं नि तू तिकडं.”

“मी सरळ वाजवतोय.”

“मग कुणी सांगितलं सरळ वाजवायला?”

आक्कानं झांज हळूच खाली ठेवली आणि समोर बसली. उजवा हात तिनं डाव्या हाताखाली घेतला. हीसुद्धा सवयच होती. ती कधीपासून आहे ते त्याला आठवेना.

“बोल,” ती म्हणाली.

“गाडीत बिघाड नाही, आक्का.”

त्यानं सांगितलं. सगळं सांगितलं, गिऱ्हाइकाला सांगतो तसं: थरथर, वेळ, मर्यादा. आपला आवाज किती नीट येतोय ह्याचं त्याला नवल वाटत होतं. इस्माईलभाई मान खाली घालून पेटीच्या पट्ट्यांवरून बोट फिरवत राहिले.

“मी पण सूर लांबवून धरतोय की,” ते शेवटी म्हणाले. “वर्ष झालं असंल. तू यायचीस त्या सुरावर, जरा उशिरा. मला वाटलं, बाईचं गाणं आता मुरलं.”

आक्का हसली. “मलाही तसंच वाटत होतं हो. म्हटलं, वय झालं की लय संथ होते, रस वाढतो.” मग तिनं केदारला विचारलं, “गाडीला कधी कळलं म्हणतोस?”

“गेल्या चैत्रात.”

“म्हणजे तुझ्या आधी.”

“हो.”

“बरं,” ती म्हणाली. “मग विसरव तिला.”

“आक्का…”

“लोकांना विसरवून देतोस ना? मला सगळं माहीत आहे, कऱ्हाड काय एवढं मोठं आहे? मला औषध घ्यायला लाव, डॉक्टरकडं ने, कुठंही येते. पण परवाना गेला तर वाघजाईवाडी गेली, निवकण्याची वस्ती गेली, धनगरवाडा गेला. तिथं कोण येणार न्यायला? वर्षातून एकदा देवाचं नाव ऐकायला बसतात ती माणसं. रस्त्यावरच्या गावांना कीर्तनकार खूप आहेत.”

“मी नेईन.”

“आणि गॅरेज?”

विसरवणं त्याच्या हातात होतं, एका बटणाचं काम. त्यानं हो म्हणून मान हलवली नाही आणि नाहीही म्हटलं नाही. आक्काला ते पुरेसं कळलं.

“असं कर,” ती म्हणाली. “उद्या सकाळी विमानतळाच्या मागच्या रस्त्याला चल. खोकं बंद कर. मी चालवते, तू शेजारी बस. तुला सरळ ठेका येतो म्हणतोस ना, तर होऊ दे सरळ.”

सकाळी रस्ता मोकळा होता. दोन्ही बाजूंना तोडलेल्या उसाची खोडकी. केदारनं पाऊलवाचकाची वायर काढून ठेवली आणि शेजारच्या सीटवर बसला. वर्षानुवर्षं तो आक्काच्या डाव्या अंगाला तबला घेऊन बसत आला होता; गाडीत तिच्या डाव्या अंगाला बसल्याचं मात्र त्याला आठवत नव्हतं.

पहिल्या गिअरलाच गाडीनं उडी मारली. दुसऱ्याला आणखी. आक्काचे ओठ मिटलेले होते. ती आवर्तनं मोजल्यासारखी स्वतःशी काही म्हणत होती आणि पेडल दाबत होती, पण गाडी आता तिच्यासाठी थांबत नव्हती. दाब जसा यायचा तशी ती पळायची. सांभाळून न घेणाऱ्या माणसाशी बोलताना आपलेच शब्द आपल्याला कसे ओबडधोबड ऐकू येतात, तशी ती गाडी ऐकू येत होती.

वळणावरून उसाचा ट्रॅक्टर आला, मागं दोन ट्रॉल्या, रस्ता अडवून हळूहळू वळणारा. दूर होता. भरपूर दूर. आक्कानं तो पाहिला होता. तिचे डोळे त्याच्यावर होते. “ब्रेक,” ती स्वतःच म्हणाली, शांतपणे, दुसऱ्या कुणाला सांगावं तसं. आणि पाऊल आलं नाही. ते पेडलवरून उचललं गेलं, हवेत थांबलं, आणि मग आलं.

गाडी थांबली तेव्हा ट्रॉलीबाहेर आलेली उसाच्या शेंड्यांची वाढी बॉनेटवर टेकली होती. ट्रॅक्टरवाल्याला काही कळलंही नाही. तो तसाच पुढं गेला आणि वाढ्यांची पानं काचेवरून सरसर ओढली गेली.

केदारच्या अंगात काहीच हललं नाही. छाती धडधडायला हवी होती. त्यानं पाहिलं, आक्काचा उजवा हात स्टिअरिंगवरून मांडीवर आला होता आणि आपल्याआपण हलत होता.

“तो ट्रॅक्टर नसता, पोर असतं तर,” आक्का म्हणाली.

“हं.”

“मी त्याला पाहिलं असतं, केदार. नीट पाहिलं असतं. एवढंच.”

तिनं चावी फिरवली आणि काढून त्याच्या हातात दिली. “पाठव काय पाठवायचं ते.” मग दार उघडून उतरली, गाडीला वळसा घालून त्याच्या बाजूला आली, आणि तो सरकेपर्यंत दारापाशी उभी राहिली.

त्यानं दुपारी परिवहन खात्याला कळवलं. पोचपावती लगेच आली.

कऱ्हाडातल्याच डॉक्टर पाटसकर बाईंनी आक्काला चालवून पाहिलं, वळवून पाहिलं, बोटं उघडमिट करायला लावली. मेंदूतला हालचालीचा एक रस कमी पडतो, त्या म्हणाल्या. हुकूम निघतो, पण पायापर्यंत हळू पोचतो. गोळ्यांनी पुष्कळ फरक पडेल. बरं होणार नाही, पण चालेल. आणि मग त्यांनी केदारला विचारलं की तुम्ही काय करता. गिअरबॉक्स आणि तबला, असं त्यानं सांगितलं.

“मग तुमच्या हातात गोळीइतकंच औषध आहे,” बाई म्हणाल्या. “आतली लय बिघडली की बाहेरची लय धरून पाऊल टाकता येतं. मेंदू त्याच्यासाठी दुसरी वाट वापरतो. ठेका सरळ ठेवा, स्पष्ट ठेवा, आणि त्या मागं राहिल्या तरी त्यांच्यासाठी थांबू नका. त्यांच्यामागं गेलात तर त्यांना धरायला काहीच उरत नाही.”

बाहेर आल्यावर आक्का पायरीवर थांबली. “म्हणजे तू माझं भलं करत होतास ते…”

“हो.”

“आणि गाडी पण.”

“हो.”

“इस्माईलभाईंना नको सांगू हं आत्ता. रडत बसतील.”

मग नवमीपर्यंत रोज संध्याकाळी तालीम झाली. केदारचा हात शंभरदा मागं जायला निघाला आणि शंभरदा त्यानं तो ओढून धरला. सरळ वाजवणं इतकं कठीण असेल असं त्याला वाटलं नव्हतं. आक्का मागं पडायची, झांज सावरायची, परत ठेक्याला हात घालायची. हळूहळू तिला तो सापडायला लागला, नदीतल्या दोरासारखा. रोज नाही. पण सापडायला लागला.

नवमीला वाघजाईवाडीच्या राममंदिरात पाय ठेवायला जागा नव्हती. पाळणा फुलांनी मढवला होता, सुंठवड्याचा वास कोंदला होता. केदारनं आक्काच्याच गाडीतून सगळ्यांना आणलं होतं. वाटेत गाडी चढाला त्याच्या पावलाखाली सारखी थबकत होती, आणि इस्माईलभाई मागून “हळू रे बाबा” म्हणत होते.

पूर्वरंग सुरू करायच्या आधी आक्कानं दोन्ही हात जोडले आणि समोरच्या बायकांना म्हणाली, “मायबाप, ऐका. ह्या वर्षीपासून माझं पाऊल माझं ऐकेनासं झालंय. डॉक्टर म्हणतात, हा आजार आहे. तबला आता माझ्यासाठी थांबणार नाही. मीच त्याला थांबू नको म्हटलंय. तेव्हा मी मागं राहिले तर हसू नका आणि गप्पही बसू नका. टाळी चालू ठेवा. मी येते.”

पुढं बसलेली एक म्हातारी म्हणाली, “ये बाई सावकाश. आमाला कुठं जायचंय?”

सगळे हसले. आक्काही हसली. आणि तिनं नाम उचललं.

उत्तररंगात ती दोनदा मागं राहिली. केदार थांबला नाही. त्याच्या दोन्ही हातांना ते दुखत होतं, जणू कुणाचा हात गर्दीत सोडावा लागत होता. पण मंदिरभर टाळी पडत होती, सरळ, एकसारखी, भाकरी थापणाऱ्या आणि खुरपणाऱ्या हातांची. आणि प्रत्येक वेळी दोन-तीन टाळ्यांच्या आत आक्का टाळीवर पाऊल टाकून परत येत होती. माध्यान्हीला तिनं जन्म सांगितला तेव्हा आवाज तोच होता, खडा. गुलाल उडाला. पाळण्याची दोरी एकेका हातातून जाऊ लागली. लोक रडत होते. केदारनं डोळ्यांना हात लावून पाहिला, कोरडे होते. बोटांना गुलाल लागला एवढंच.

वैशाख संपत आला तशी आक्काची कीर्तनं गोळ्यांच्या वेळांभोवती बसली. केदारनं गॅरेज आठवड्यातून तीन दिवसांवर आणलं. बाकीचे दिवस तो तिची गाडी चालवायचा.

पाऊलवाचक त्यानं परत जोडला होता. तो तसाच ठेवायचा तर गोठवून ठेवता आला असता. आक्काचं पाऊल मग त्यात कायम राहिलं असतं, आणि गाडीनं केदारला जन्मभर धक्के दिले असते. त्याच्या मनात ते एकदा येऊन गेलं. त्यानं केलं काही नाही. खोकं आपल्या कामाला लागलं. रोजच्या चढांवर ते केदारचं पाऊल थोडं थोडं शिकत गेलं, आणि जेवढं शिकत गेलं तेवढं आक्काचं सोडत गेलं. थबकणं कमी झालं. धक्का नुसता ओझरता लागायला लागला. केदार मात्र प्रत्येक चढाला तयारीत असायचा, चौथा पडायच्या आधी मान जराशी ताठ करून.

त्या दिवशी ते धनगरवाड्याच्या कीर्तनाहून परतत होते. उन्हं उतरली होती. इस्माईलभाई मागं पेटीवर डोकं टेकून झोपले होते. आक्का शेजारी बसून बाहेर पाहत होती. खालच्या खिंडीतला लांब चढ लागला. केदारनं पाय दाबला, मान ताठ केली, आणि वाट पाहिली.

चढ संपून गाडी माथ्यावर आली.

“चौथा पडला का रे?” आक्कानं विचारलं.

“पडला.”

“कधी?”

“मघाशीच.”

“कळलंही नाही,” ती म्हणाली.